तिसरा गट

प्रोफेसर गर्दे यांचं नाव निघालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी दारातूनच परतवून लावला असता. हा हळू बोलणारा, स्वच्छ कपड्यांचा, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवणारा माणूस. त्याने माझ्याकडून जे करून घेतलं ते मी माझ्या हातांनी केलं. म्हणून हा राग अर्धा त्याच्यावर आहे आणि अर्धा माझ्यावर. अर्धा म्हणतेय ते सवयीने. माझा वाटा जास्त आहे.

एकोणीसशे एकोणचाळीसचा जानेवारी. मी चोवीस वर्षांची, मूळची चौकची, ख्रिस्ती कोळ्याची मुलगी, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी पास पण ट्रेनिंग न झालेली मास्तरीण. भाईंदरजवळ मुर्धे गावाच्या पलीकडे मिठागरांच्या बांधाला लागून एक पाडा होता, तिथे स्कूल बोर्डाची चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. हेडमास्तर पहिली-दुसरी बघायचे, मी तिसरी-चौथी. माझ्याकडे छत्तीस मुलं होती, बहुतेक मिठागरावर राबणाऱ्यांची. पाड्यावरच गोदूबाई म्हणून एक विधवा होती, तिच्या पडवीत मी राहायचे. लहानथोर सगळे मला बाय म्हणायचे.

चौथीत चांगुणा होती, गोपीनाथची मुलगी, अकरा वर्षांची. मी गणित सांगून तोंड मिटायच्या आत ही पाटी घेऊन माझ्या नाकासमोर. "बाय, बघ." बघितल्याशिवाय हलायची नाही. उत्तर चुकलेलं असलं तर हसायची, परत जाऊन बसायची, दुरुस्त करून पुन्हा हजर. "खाली बस गं बाई, जीव खाल्लास माझा," असं मी दिवसातून दहा वेळा म्हणत असेन. खरं सांगायचं तर त्या एका मुलीमुळे मला मास्तरीण असल्यासारखं वाटायचं.

तिच्या बापाने मला शब्द दिला होता. एप्रिलातली चौथीची परीक्षा पास झाली तर तिला भाईंदरच्या शाळेत पाचवीला घालणार, नापास झाली तर आईबरोबर मिठागरावर. तोवर त्या पाड्यावरची एकही मुलगी पाचवीत गेली नव्हती. पाड्याचा पाटील चारचौघांत म्हणाला होता, की पोरगी मोठी झाली, आता तिच्यासाठी सासर बघा. गोपीनाथ चारचौघांतच म्हणाला, "पोरगी माजी हाय." तेव्हापासून पाटील त्याच्यावर डूख धरून होता.

गर्दे मुंबईच्या एका ट्रेनिंग कॉलेजात शिकवायचे. छापील गणितांच्या कागदांची एक अख्खी ट्रंक घेऊन ते आले.

"मुलांना शिकायला हुरूप कशाने येतो?" त्यांनी मला विचारलं. "शाबासकीने, बोलणी खाऊन, की कशानेच नाही? आपल्याकडे सगळे अंदाजाने बोलतात, मोजून कुणी बघितलं नाही. अमेरिकेत बघितलंय."

हे मला आवडलं, ते कबूल करते. दोन वर्षं मी आंधळेपणाने कुणाला छडी देत होते, कुणाला शाबास म्हणत होते. मुलं कशाने शिकतात असं मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

योजना सोपी होती. चिठ्ठ्या टाकून छत्तीस मुलांचे तीन गट करायचे. पाच आठवडे रोज पंधरा मिनिटं बेरजांचा एक कागद सोडवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्या गटातल्या प्रत्येकाला उभं करून सगळ्यांसमोर शाबासकी द्यायची, गुण कितीही असोत. दुसऱ्या गटाला तसंच उभं करून बोलायचं, गुण कितीही असोत. तिसऱ्या गटाला काहीच नाही.

"काहीच नाही म्हणजे?"

"नाव घ्यायचं नाही, पाटी तपासायची नाही. त्यांनी काही विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. बाकीच्यांची हजेरी मोठ्याने, यांची मनातल्या मनात मांडायची."

"आणि मुलांना काय सांगू?"

"काही नाही. सांगितलंत की प्रयोग संपला." मग ट्रंकेचं झाकण लावता लावता ते म्हणाले, "जूनमध्ये आमच्याकडे ट्रेनिंगच्या जागा निघतील, कॉनीबाई. असं काम केलेल्या शिक्षिकेचं नाव मी स्वतः पुढे करीन."

ट्रेनिंग न झालेल्या मास्तरणीला बोर्ड कधीही घरी बसवत असे. मी हो म्हणाले. माझ्या डोक्यावर कुणी बंदूक धरली नव्हती.

चांगुणाची चिठ्ठी तिसऱ्या गटात निघाली. मी म्हटलं, "ही नको. हिला दुसऱ्या कुठल्याही गटात घाला." गर्दे हसले. "मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या, बाई?" त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होते. त्यांच्या हिशेबाने ते नेहमीच बरोबर असायचे.

पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. जयकुमार हा वर्गातला नंबर एकचा आळशी. तीस बेरजांपैकी त्याच्या दोन बरोबर आल्या. मी त्याला उभं करून "शाबास जयकुमार!" म्हटलं, तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, आणखी कोण जयकुमार आहे म्हणून. आठवड्याभरात गडी छाती काढून चालायला लागला. दुसऱ्या गटातल्या पोरी रडल्या, मग त्यांनी दात-ओठ खाऊन बेरजा केल्या, मग त्याही कंटाळल्या. तिसऱ्या गटातली बहुतेक मुलं सुरुवातीला खूष होती. बाय विचारत नाही, मारत नाही, आणखी काय पाहिजे?

पण चांगुणा? पहिल्या दिवशी हजेरीला ती तोंड उघडून तयार होती. मी एकविसाव्या नंबरवरून तेविसाव्यावर गेले. ती तरीही "हजर" म्हणाली. वर्ग हसला. मी पुढचं नाव घेतलं. मग ती पाटी घेऊन आली. "बाय, बघ." मी खिडकीबाहेर बघितलं. मला ऐकू आलं नसेल म्हणून ती मोठ्याने म्हणाली. मग खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आली. मी उठून फळ्याकडे गेले. घंटा होईपर्यंत ती खुर्चीपाशी पाटी धरून उभी होती आणि मी फळ्यावर काहीबाही लिहीत होते.

दुसऱ्या आठवड्यात तिने अक्षर सुधारलं. पाटी धुऊन, फडक्याने पुसून आणायला लागली. तरी मी बघेना, तेव्हा तिने एक वेगळीच गोष्ट केली. दुसऱ्या गटाला चुकांबद्दल बोलणी बसतात हे तिने हेरलं होतं. तिने मुद्दाम चुका करायला सुरुवात केली. पाटी माझ्या टेबलावर ठेवली, तीवर चार अधिक चार बरोबर नऊ, आणि नऊचा आकडा भलामोठा, कुणालाही दिसावा असा. तिला माझं ओरडणं हवं होतं. तेवढं तरी. मला तो नऊ दिसला आणि हात छडीकडे जाऊ नये म्हणून मी ती टेबलावरून उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता पाड्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे एखाद्या घराला वाळीत टाकायचं असलं तर त्या घराला जाऊन कुणी सांगत नाही. लग्नाच्या आधी पाटलाचा माणूस अंगणात उभा राहून एकेका घरधन्याचं नाव पुकारतो आणि आमंत्रणाची सुपारी देतो. त्या दिवशी एक नाव गाळलं जातं, बस. दुसऱ्या दिवसापासून त्या घराला कुणी चुलीसाठी विस्तव देत नाही, विहिरीवर कुणी त्यांच्या बाईशी बोलत नाही, मिठागरावर कुठली टोळी त्यांच्या माणसाला कामात घेत नाही. कारण कुणी सांगत नाही. कारण विचारणं हाच आणखी एक गुन्हा.

बायने हजेरीत चांगुणाचं नाव गाळलं, ही बातमी पहिल्याच दिवशी पोरांनी घरोघर नेली होती. तिसऱ्या गटात मुलं बारा. त्यांतली सात राई गावाकडच्या ख्रिस्ती वस्तीतली, त्यांना या पाड्याचे कायदे लागू नव्हते. चार पाटलाच्या भावकीतली, त्यांना वाळीत टाकायची कुणाची छाती? उरलं एकच घर, आणि तेच घर पाटलाला उलटून बोललेलं. पाड्याने आपली बेरीज केली. पाटलाने बायला सांगितलं, बायने नाव गाळलं. कुणी पाटलाला विचारलं तर तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. त्याला ते आयतं सोयीचं होतं.

मला हे कळलं तिसऱ्या आठवड्यात, भाकरी थापता थापता बोलणाऱ्या गोदूबाईकडून.

"गोपीनाथच्या घरचा नाव तू पन गाळलास, बाय. बरा केलास. पाटील बोलला व्हता काय तुना?"

मला समजायला वेळ लागला नाही, कारण ही रीत फक्त त्या पाड्याची नव्हे. मी सात वर्षांची असताना चौकला आमच्या बोटीवर मासळीचे वाटे करताना तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, एका हंगामात माझ्या बापाचं नाव गाळलं होतं. माझी आई घरोघर विचारत फिरली होती, आमचं काय चुकलं म्हणून. कुणीही सांगितलं नाही. नाव गाळण्याचा अर्थ माझ्याइतका गर्द्यांना कळणं शक्यच नव्हतं. मला पहिल्या दिवशी कळायला हवा होता. कदाचित कळलाही होता, आणि तेव्हाही मी खिडकीबाहेरच बघितलं.

दोन दिवसांनी चांगुणाची आई हौसाबाई शाळेच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. आत आली नाही. पोरगी तिच्या पदराला धरून.

"बाय, आमचे घराचा काय चुकला? सांग. दंड बसव, पाया परू, पन सांग."

मागे पस्तीस मुलं कान टवकारून बसली होती. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मी म्हणाले, "काही नाही हो. नंतर बोलू." वाळीत टाकलेल्या प्रत्येकाला लोक हेच सांगतात. हौसाबाईने मान हलवली. तिला जे कळायचं ते कळलं. त्याच आठवड्यात मिठागरावरच्या टोळीने गोपीनाथला परत पाठवलं होतं आणि त्यांच्या घरात एकच वेळ चूल पेटत होती.

मी गर्द्यांना पत्र लिहिलं. पोस्टकार्ड आलं. "गावगप्पा आपोआप विरतात. दोनच आठवडे राहिले आहेत. कृपया मधेच बिघाड करू नये." सुवाच्य अक्षर. मी ते कार्ड फाडायला हवं होतं, आणि हजेरीपट उघडून ते एक नाव गळा फाडून घ्यायला हवं होतं. मी कार्ड बायबलमध्ये ठेवलं आणि दोन आठवडे आणखी गप्प राहिले. जूनमधली जागा होती ना! चौथ्या आठवड्यात चांगुणा यायची बंद झाली.

शेवटच्या दिवशी गर्दे आले. कागद मांडून त्यांनी बेरजा-सरासऱ्या केल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. शाबासकीचा गट सगळ्यांत पुढे, बोलणी खाल्लेला मधे, तिसरा तळाला. "अगदी अमेरिकेसारखं!" मग बावीस नंबरचे कागद पुढे कोरेच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पट्टी ठेवून त्या नावावर रेघ मारली. "तिसऱ्या गटात अकरा धरू."

मी त्यांना सगळं सांगितलं. विस्तव, विहीर, टोळी, सगळं. त्यांनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहायला लागले. "हे फार मोलाचं निरीक्षण आहे, बाई. दुर्लक्षाचा परिणाम घरापर्यंत जातो." माझ्या हाताशी दौत होती. ती त्यांच्या पांढऱ्या कोटावर ओतावी असं इतकं मनात आलं की मी दोन्ही हात टेबलाखाली धरले. आणि तिथेच ठेवले.

गर्दे गाडीला गेले आणि मी दिवस मावळायच्या आत पाटलाच्या अंगणात उभी राहिले. मिठागरावरून माणसं परतत होती. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं. सांगितलं, की मला पाटलाने काही सांगितलेलं नाही. मुंबईच्या साहेबाचा प्रयोग होता, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, गोपीनाथच्या घराचा काडीचा दोष नाही. तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला लाज वाटत नाही का, एका पोरीचं नाव शाळेत गाळलं म्हणून तुम्ही तिच्या घरची चूल विझवलीत, असंही बोलले. आधी कुणीतरी हसलं आणि सगळेच सुटल्यासारखे हसले. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आमी कवा कोनाला वाळीत टाकला?" टाकलंच नव्हतं! कुणीच नाही! दुसऱ्या दिवशी टोळीने गोपीनाथला कामावर घेतलं आणि हौसाबाईला विस्तवही मिळाला.

पण त्या अंगणात हौसाबाईच्या मागे चांगुणा उभी होती. मी तिच्याजवळ गेले. तिने विचारलं, "मंग माजा काय चुकलाच नव्हता?"

"नाही गं बाळा. काहीच नाही." मला वाटलं, पोर आनंदेल.

"चुकला असता त मी सुदारला असता," ती म्हणाली. मग म्हणाली, "नी जयकुमारला शाबास बोलायचीस, ता पन खोटाच?"

जयकुमार तिथेच बापाच्या शेजारी उभा होता. त्याने खाली बघितलं.

चांगुणा शाळेत परत आली. आता मी दर तासाला तिचं नाव घ्यायचे, तिच्या बाकापर्यंत जायचे. ती बेरजा करायची, भागाकार करायची, वर्गात सगळ्यांच्या आधी. मी तिच्यापासून चार पावलांवर आले की ओल्या तळव्याने पाटी पुसून टाकायची. रागाने नाही, आदळआपट करून नाही. सहज. मला दिसायची ती फक्त ओली पाटी. "दाखव ना गं," मी म्हणायचे. ती शांतपणे माझ्याकडे बघायची. मी समजावलं, चिडले, एकदा तिच्यापुढे रडलेसुद्धा. पाटी ओलीच. आणि वर्गातल्या बाकीच्यांना मी शाबास म्हटलं की ती मुलं एकमेकांकडे बघायची.

मार्चमध्ये कॉलेजचं पत्र आलं. जागा मिळाली होती. मी ती नाकारली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. मी होकार कळवला.

एप्रिलात परीक्षा घ्यायला बोर्डाचे डेप्युटी साहेब आले. पोक्त, दमेकरी, स्वभावाने बरे. त्यांनी फळ्यावर पाच गणितं लिहिली. मी दारातून बघत होते. चांगुणाची पेन्सिल थांबत नव्हती. सगळ्यांच्या आधी तिने ती खाली ठेवली. माझ्या जिवात जीव आला. साहेब पाट्या बघत बघत तिच्या रांगेत आले, चार पावलांवर पोचले, आणि तिने तळवा फिरवला.

"काय गं, आली नाहीत गणितं?"

"आली."

"मग पुसलीस का?"

"बरोबर व्हती. मना म्हाईत हाय. कोनाला कशाला दावू?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी धावत आत आले. "साहेब, तिला सगळं येतं. तिला पुन्हा एक संधी द्या." त्यांनी दिली, खोटं कशाला बोलू. दोन नवी गणितं घातली, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिने ती केली. ते वळले आणि तिने पाटी पुसली.

साहेबांनी पट उघडला, टाक बुडवला. मी त्यांचं मनगट धरलं. बोर्डाच्या अधिकाऱ्याचं मनगट! हेडमास्तर दारात पांढरेफटक पडले.

"पाटीवर काही नाही, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

मी मनगट सोडलं. त्यांनी शून्य लिहिलं.

गोपीनाथ संध्याकाळी गोदूबाईच्या पडवीत आला. मी त्याला म्हटलं, तिला सगळं येतं, मी तुला लिहून देते, दोष माझा आहे. त्याने ऐकून घेतलं. "कागदावर नापास हाय ना, बाय," तो म्हणाला. "मी सबुद दिला व्हता, तू पन ऐकला व्हता." दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा आईच्या मागून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालली होती. मी हाक मारली नाही.

जूनमध्ये मी कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात गर्दे सरांचा तास होता. त्यांनी मला ओळखून मान डोलावली आणि फळ्यावर तक्ता काढला. पहिला गट, मुलं बारा. दुसरा गट, मुलं बारा. तिसरा गट, मुलं अकरा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तिसऱ्यात एक कमी का?" सर म्हणाले, "एक मुलगी शाळा सोडून गेली."

मी तक्ता वहीत उतरवून घेतला.